पाटीवरचे नाव

ख्रिस्तमंदिराला बाक देताना पहिला प्रश्न येतो, ‘फादर, नाव कुठे कोरणार?’ बाकावर बसणाऱ्याची चौकशी मागाहून. ‘स्वकष्टाचा पैसा आहे, नाव लावले तर बिघडले कुठे?’ पैसा पाप नव्हे. जक्कयही धनवान होता. परंतु अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ करताना त्याने पाटीची अट घातली नाही.

सातारा-सांगलीकरांनी तरी हे विसरू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळक कवी म्हणून महाराष्ट्रभर गाजत असताना १९१७ साली मिशनचा पगार सोडून साताऱ्यास आले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. मिरजेच्या डॉ. वॉन्लेस यांना १९२८ साली ‘सर’ ही पदवी मिळाली, तेव्हा त्यांच्या रुग्णालयाला चौतीस वर्षे झाली होती. सेवा आधी, नाव मागाहून. दोघेही आपल्या पंथाचे नव्हते, ही सबब येथे चालणार नाही.

‘ती संतमाणसे, आम्ही प्रापंचिक,’ हे उत्तर ठरलेले. मग कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई कोण होत्या? साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी या गृहिणीने अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही मोडले. १९५९ साली कर्मवीरांना पद्मभूषण लाभले. ते पाहायला त्या हयात नव्हत्या.

कीर्ती आली तर येऊ द्यावी. तिला वेदीवर बसवू नये. प्रिय धर्मग्रामस्थांनो, यंदा एक देणगी निनावी द्या. हात आखडला, तर ओळखा : आजवर आपण दान देत नव्हतो, पाटी विकत घेत होतो.