खळ्यावर बाळाचा वाटा

सुगी आटोपली की शेतकरी प्रथम बियाण्याचे दाणे निवडून वेगळे ठेवतो. पूर्वी बलुतेदारांचा वाटाही खळ्यावरच मोजून दिला जात असे. मात्र त्याच घरात उष्टावण होऊन नुकतेच अन्न खाऊ लागलेल्या मुलासाठी कोणी धान्य वेगळे काढल्याचे क्वचितच दिसते. एवढ्याशा जीवाचे कितीसे ते खाणे, ही समजूत याच्या मुळाशी आहे.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईचे दूध हाच मुलाचा संपूर्ण आहार होय. त्या काळात वरचे पाणीसुद्धा नको. पुढे मात्र केवळ दुधावर भागत नाही. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा या सुमारास संपत येतो. दूध दोन वर्षांपर्यंत वा त्याहून अधिक काळ चालू ठेवून, जोडीला आरंभी रोज सुमारे २०० कॅलरी व वर्षानंतर सुमारे ५५० कॅलरी अन्नातून मिळाव्या लागतात. 'दात आल्यावर पाहू' म्हणून हा काळ दवडणे म्हणजे पीक पोटरीत असताना पाणी तोडणेच नव्हे काय?

प्रत्यक्षात मुलाच्या वाटीत असते ते डाळीवरचे पाणी किंवा पातळ पेज. मूल पिऊन झोपते आणि घराला समाधान वाटते. आठ किलो वजनाच्या मुलाच्या पोटात एका वेळी सुमारे पाव लिटर मावते. ते पाण्यानेच भरल्यावर अन्नाला जागा कोठून उरणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर मुलांमागे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. कारणे अनेक आहेत. पातळ वाटी हे त्यांपैकी एक.

दाट शिजविले तर मूल गिळत नाही, ही आईची अडचण खरी आहे. त्यावर उपाय घरचाच आहे. नाचणी भिजवून, मोड आणून, सुकवून, मंद आचेवर किंचित भाजून दळावी. मोड येताना दाण्यात निर्माण होणारे पाचक द्रव्य पिष्ट मोडते. म्हणून तेवढ्याच सैल खिरीत अधिक पीठ मावते. नाचणी नसेल तेथे गहू चालेल. त्यात मुगाची डाळ, चमचाभर तूप वा तेल घालावे. चालत असल्यास उकडलेले अंडे कुस्करून द्यावे. शेंगदाण्याचे बारीक कूट उत्तम, पण बुरशी लागलेला दाणा कटाक्षाने टाळावा. वर्षाच्या आत मध देऊ नये.

खुरपणीच्या दिवसांत आई शेतावर आणि मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर असते. अशा वेळी हात धुऊन मुलाला भरविण्याचे काम बापाने वा आजोबांनी करण्यात कमीपणा कसला?

अंगणवाडी सेविका हे सर्व आईला सांगते. पण धान्य केव्हा आणि किती विकायचे हे बहुधा पुरुष ठरवितो, आणि त्याच्या कानी हा विषय पडतच नाही. म्हणून कृषी खात्याच्या कर्मचाऱ्याने बियाण्याची चौकशी करतानाच हीही चौकशी करावी. रोज ६० ग्रॅम धान्य व डाळ धरली तर पहिल्या सहा महिन्यांना जेमतेम ११ किलो लागतात. सात किलो नाचणी आणि चार किलो मूग, पोती बाजाराला जाण्यापूर्वी, झाकणाच्या डब्यात वेगळे ठेवावे.