श्रीरामपूरचा डावखुरा

श्रीरामपूरची बाजारपेठ आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाची आहे. त्या गावी छायाचित्रकार वडील व शिक्षिका आई यांच्या पोटी 1978 साली जहीर खान जन्मला. मुलगा अभियांत्रिकीच्या वाटेला लागलेला असताना, देशात अभियंते पुष्कळ आहेत, तू वेगवान गोलंदाज हो, असे वडिलांनीच त्यास सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. असा पिता विरळाच! मध्यमवर्गीय घरात हा निर्णय किती जोखमीचा, हे कर्जाचे अर्ज तपासण्यात ज्याची हयात गेली त्यास विशेष जाणवते. येथे तारण म्हणून केवळ एक डावा हात होता.

मुंबईत सुधीर नाईक यांनी त्यास पारखले. चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये टी. ए. शेखर यांनी घडविले. तथापि मुंबईच्या बलाढ्य संघात जागा होईना, म्हणून त्याने बडोदे गाठले. 2000-01 च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याने रेल्वेला अवघ्या 21 धावांनी नमविले, त्यात त्याच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. तत्पूर्वीच, ऑक्टोबर 2000 मध्ये, नैरोबीत त्याच्या यॉर्करने स्टीव्ह वॉचा त्रिफळा उडविला होता. मुंबईचे दार मात्र उघडले ते 2006 साली.