पगारातून कर कापला, मग रिटर्न कशाला?

आमचे शहापूर नागपूर-भंडारा रस्त्यावरचे गाव. शेजारीच जवाहरनगरचा आयुध कारखाना, त्यामुळे दुकानात पगारदार गिऱ्हाईक बरेच. जुलै महिना लागला की कापड मोजता मोजता एकच प्रश्न ऐकावा लागतो : "शेठजी, कर तर पगारातूनच कापतात, मग रिटर्न कशाला भरायचा?" मी वकील नाही, सी.ए. नाही. माझे शिक्षण उर्दू शाळेतले. आयकराची भाषा दुकानानेच शिकवली. तरी या विषयावर चार शब्द लिहिणे जरूर वाटते.

कर लागणे आणि रिटर्न भरावा लागणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. २०२५-२६ या वर्षाच्या उत्पन्नावर नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो. पगारदारास ७५ हजारांची वजावट वेगळी. लोकांनी यावरून रिटर्नही नाही असा अर्थ काढला, तो साफ चुकीचा. कर शून्य होतो तो सवलतीमुळे. रिटर्नची हद्द ४ लाखांचीच आहे, आणि जुनी पद्धत घेतली तर साठीच्या आतल्या माणसास अडीच लाखांची. हातात फॉर्म १६ आला म्हणजे रिटर्न भरला गेला असेही नव्हे. हद्द ओलांडलेल्याने ३१ जुलैची मुदत चुकवली, तर उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यास १ हजार आणि त्यापुढे ५ हजार रुपये विलंब शुल्क पडते.

हा गैरसमज हवेतून आलेला नाही. २०११ मध्ये सरकारने ५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पगारदारांना काही अटींवर रिटर्नमधून खरोखरच सूट दिली होती. दोन वर्षांनी ती सूट संपली. लोकांच्या डोक्यात मात्र ती अजून चालूच आहे!

व्याजाचेही तसेच. आपल्यातले अनेक जण बँकेचे व्याज घरात आणत नाहीत, गोरगरिबांना देऊन टाकतात. त्यांची नियत नेक, पण कायदा खात्यावर जमा झालेली रक्कम पाहतो. ती पगारात मिळवूनच हद्द मोजावी लागते. मुदत ठेवीवर बँकेने कर कापला असेल, तर तो परत मिळवण्याचा मार्गही रिटर्नच.

आता ज्याचे उत्पन्न हद्दीच्या आत आहे त्याचे काय? कायदा त्याला सहसा सक्ती करत नाही. मीही माझ्या दुकानातल्या माणसाला वर्षानुवर्षे हेच सांगत आलो. महिन्याला १८ हजार रोख, वहीत सही, काम संपले. पुढे हायवेवर एका ट्रकने त्याला धडक दिली आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला. नुकसानभरपाईच्या दाव्यात विमा कंपनीच्या वकिलाने पहिलाच प्रश्न केला, उत्पन्नाचा पुरावा काय? मी वही घेऊन उभा राहिलो. मालकाच्या हातची वही म्हणून तिला किंमत मिळाली नाही. मजुरीचा अंदाज धरून रक्कम ठरली आणि ती खऱ्या पगारापेक्षा बरीच कमी होती. दरसालचा रिटर्न असता तर न्यायालयाने त्याला वजन दिले असते. अपघातानंतर घाईने भरलेल्या रिटर्नवर कोण विश्वास ठेवणार?

घराच्या कर्जालाही बँक दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते. तेव्हा काही एजंट फुगवलेला आकडा भरून देतात. त्यांच्यापासून दूर राहावे. खोट्या आकड्याखाली सही आपली असते.

आपल्या दुकानदार भावांना हे बोलणे आवडणार नाही, मला ठाऊक आहे. नोकराने रिटर्न भरला की त्याचा पगार कागदावर येतो, आणि मग आपला हिशेबही तपासला जाईल, ही धास्ती. पण एका माणसाला एका दिवसात १० हजारांवर रोख दिले, तर तो खर्च आयकरात सहसा मान्य होत नाही. म्हणजे पगार बँकेतून देण्यात आपलाही फायदाच आहे.

माझ्या दुकानात आज दोन मुले कामाला आहेत. दोघांचाही पगार खात्यावर जातो. उत्पन्न हद्दीच्या आत, कर शून्य, तरी दोघांचाही रिटर्न भरतो. आयकराच्या संकेतस्थळावर भरायला पैसे पडत नाहीत. भरून देणाऱ्याची फी होईल ती दुकान देते.