अविश्वास खरा, पत्ता चुकीचा

माणसांवर नको, गणितावर विश्वास ठेवा, असं सांगणारे तरुण आता हिंजवडीच्या आयटी कंपन्यांपुरते उरलेले नाहीत. सांगली-साताऱ्याकडच्या लग्नघरातही एखादा भाचा मोबाइलवर बिटकॉइनचा आलेख दाखवतो आणि मामाला विचारतो, 'तुमच्या बँकेनं तुम्हाला काय दिलं?' प्रश्न उद्धट आहे, पण खोटा नाही. म्हणून आधी त्याचा पूर्वपक्ष हातचं न राखता मांडतो.

लेहमन ब्रदर्स १५ सप्टेंबर २००८ रोजी बुडाली. ३१ ऑक्टोबरला सातोशी नाकामोतो या टोपणनावानं बिटकॉइनची कल्पना मांडणारा नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. मध्ये बँक न घेता दोन अनोळखी माणसांत पैशाचा व्यवहार कसा करता येईल, याची कृतीच त्यात दिली होती. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या नोंदींचा पहिला ब्लॉक तयार झाला आणि त्यात लंडनच्या 'द टाइम्स'मधला त्या दिवसाचा मथळा नोंदवलेला होता: ब्रिटनचे अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा वाचवायच्या बेतात असल्याचा. म्हणजे या चलनाच्या जन्मनोंदीतच तक्रार आहे. कुणाला मनाला येईल तेवढं छापता येऊ नये म्हणून २ कोटी १० लाख नाण्यांची कमाल मर्यादा घातली, आणि नोंदी एका बँकेच्या खतावणीत न ठेवता जगभरच्या हजारो संगणकांवर ठेवल्या.

या तक्रारीसाठी मराठी माणसाला लंडनला जायची गरज नाही. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेनं पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेवर निर्बंध घातले. सुरुवातीची मर्यादा होती खात्यामागे १,००० रुपये. बँकेच्या कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे होतं आणि ते २१ हजारांहून अधिक बनावट खात्यांआड लपवलेलं होतं. लेखापरीक्षण होत होतं, तपासणी होत होती, सगळं कागदोपत्री ठीक होतं. माझ्या मावशीचे निवृत्तीचे पैसे असेच एका सहकारी बँकेत (नाव घेत नाही) अडकले होते. तिला सगळ्यात जास्त लागलं ते पैसे अडकणं नव्हे, तर काउंटरवरच्या ओळखीच्या माणसानं नजर चुकवणं. त्याआधी ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदीची रात्र आहेच. परदेशातही २०१० मध्ये कुठल्याही न्यायालयाचा आदेश नसताना कार्ड कंपन्यांनी विकिलीक्सकडे जाणाऱ्या देणग्या अडवल्या. तुमचा पैसा तुमचा आहे की नाही, हे दुसरं कुणीतरी ठरवतं. ही भीती कल्पनेतली म्हणता येणार नाही.

इथपर्यंत भाच्याचं म्हणणं मला मान्य आहे. पुढचं मान्य नाही.

'कुणावरही विश्वास ठेवावा लागत नाही' हा या पंथाचा पहिला दावा. प्रत्यक्षात फार थोडे लोक नाण्याची खासगी चावी, म्हणजे ते खर्च करायचा गुप्त संकेत, स्वतःजवळ ठेवतात. बाकीचे नाण्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या एक्स्चेंजवर खातं उघडतात आणि तिथंच नाणी ठेवतात. ज्या मधल्या माणसाला हाकलायचं होतं तो दुसऱ्या दारानं आत आला, फक्त बँकेसारखा परवाना आणि ठेवविमा बाहेर ठेवून. टोकियोची माउंट गॉक्स ही एक्स्चेंज २०१४ मध्ये कोसळली तेव्हा सुमारे ८ लाख ५० हजार बिटकॉइन गायब असल्याचं तिनं जाहीर केलं. त्यातले सुमारे २ लाख पुढे सापडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स ही एक्स्चेंज बुडाली. ग्राहकांचा पैसा संस्थापकाच्याच दुसऱ्या कंपनीत वळवला गेला होता. पीएमसीची कथा आणि ही कथा शेजारी ठेवा, नावं सोडून फारसं काही बदलावं लागणार नाही. त्या संस्थापकाला, सॅम बँकमन-फ्रीडला, २५ वर्षांची शिक्षा झाली. ती न्यूयॉर्कच्या न्यायाधीशानं दिली, ब्लॉकचेननं नाही.

आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. ग्राहकांचे पैसे गोठले आणि त्यांना तोडग्यासाठी सिंगापूरच्या न्यायालयाकडे डोळे लावून बसावं लागलं. पुण्यानं तर याआधीच गेनबिटकॉइन योजनेचा अनुभव घेतला होता: दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष, खाली साखळी, वर पोबारा. बिटकॉइन हे त्यातलं नवं नाव, बाकी सगळी जुनी भिशीबुडवी.

दुसरा दावा आहे, 'कोड हाच कायदा.' याची परीक्षा २०१६ मध्ये झाली. इथेरियम या दुसऱ्या कूटचलन-साखळीवरच्या 'द डाओ' नावाच्या निधीतून एकानं कोडमधल्या फटीचा फायदा घेत सुमारे ३६ लाख इथर (तिथली नाणी) वळवले. कोडनं परवानगी दिलेली होती, त्यामुळे सिद्धांतानुसार ती चोरीच नव्हती. पण सुमारे महिन्याभरात इथेरियमच्या कर्त्याधर्त्यांनी साखळीच बदलली आणि पैसे परत मिळवून दिले. ज्यांना हे पटलं नाही ते इथेरियम क्लासिक नावानं जुन्याच साखळीवर राहिले. तत्त्वाला धरून राहिले, याचं मला कौतुक वाटतं. पण मुद्दा असा, की घाव खोल बसला तेव्हा शेवटी माणसंच बसली आणि माणसांनीच निर्णय घेतला. ही संस्थाच झाली. फक्त तिला घटना नाही, अपील नाही, आणि निर्णय घेणाऱ्याला पुढच्या वर्षी खुर्चीवरून उठवायची सोयही नाही.

तिसरा दावा स्वातंत्र्याचा. भारतात कूटचलनाला जगायला जागा कुणी दिली? रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये परिपत्रक काढून बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं. ते ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं, राज्यघटनेनं दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचा आधार घेऊन. म्हणजे संस्थांवर थुंकणाऱ्यांना वाचवलं ते एका संस्थेनं, दुसऱ्या संस्थेविरुद्ध. आणि अमेरिकेत? जानेवारी २०२४ मध्ये ब्लॅकरॉकसारख्या बड्या वित्तसंस्थांच्या बिटकॉइन फंडांना नियामकाची मंजुरी मिळाली, तर बंडखोरांनी फटाके वाजवले. वर्षभरानं डोनाल्ड ट्रम्प यांनी शपथविधीला तीन दिवस उरले असताना स्वतःच्या नावाचं नाणं काढलं. त्यातली ८० टक्के नाणी त्यांच्याच गोटातल्या कंपन्यांकडे. राज्यसत्तेपासून पैसा मोकळा करायला निघालेली चळवळ राष्ट्राध्यक्षाच्या गल्ल्याशी येऊन थांबली, आणि दर वाढत होता ना, मग कुणाची तक्रार नव्हती!

याचा अर्थ गप्प बसून पासबुक कवटाळावं असा नाही. अविश्वासाचं मूल्य मला मंडनात ठेवायचं आहे, खंडनात नाही. महाराष्ट्राला अविश्वासाची मोठी परंपरा आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि वह्या हिसकावून जाळल्या. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता, कारण कागद सावकार लिहायचा आणि कोर्ट तोच खरा मानायचं. पण दंग्यांची आच सरकारला लागली. चौकशी आयोग बसला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. कर्जाचा मागचा हिशेब तपासायचा अधिकार न्यायालयाला मिळाला, कर्जापायी तुरुंगात टाकणं थांबलं. अविश्वासानं खतावणी उघडायला लावली, ती अशी.

पीएमसीच्या ठेवीदारांनीही तेच केलं. ती म्हातारी माणसं रिझर्व्ह बँकेच्या दारात फलक घेऊन उभी राहिली, न्यायालयात गेली, पत्रकारांना आकडे पुरवले. ठेवीवरचं विमासंरक्षण १९९३ पासून एक लाखावर अडलेलं होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये ते पाच लाख झालं. २०२१ मध्ये कायदा बदलून बँकेवर निर्बंध आल्यावर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यायचं बंधन आलं. त्यांचे स्वतःचे पैसे पुरते सुटले असं मी म्हणत नाही; मोठ्या ठेवीदारांना वर्षानुवर्षं थांबावं लागणार आहे. पण त्यांच्या भांडणाचा लाभ देशातल्या प्रत्येक खातेदाराला झाला, भाच्यालाही. एक्स्चेंज बुडाल्यावर हळहळणाऱ्या एकाही समूहानं इतरांसाठी असं काही मिळवलेलं मला दिसलेलं नाही, कारण तिथं भांडायचं कुणाशी हेच ठरलेलं नसतं.

चावी खिशात घालून एकटं निघून जाणाऱ्याला बँक घाबरत नाही. ती घाबरते उठून प्रश्न विचारणाऱ्या सभासदाला. सहकारी बँकांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. तिथली गर्दी बहुधा चहा-नाश्त्यापुरती असते आणि अहवाल टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. भागधारक असाल तर या वर्षी अहवाल आधी मागून घ्या. अनुत्पादित कर्जांचं पान काढा, सगळ्यात मोठे कर्जदार कोण आणि संचालकांशी त्यांचं नातं काय, ते उभं राहून विचारा. आणि भाच्यालाही सोबत न्या, त्याला आकडे कळतात.