विश्लेषण : गाइड डॉगला घडवते कोण, अडवते कोण?

जून १९२८. मॉरिस फ्रँक हा वीस वर्षांचा अंध अमेरिकी तरुण स्वित्झर्लंडहून न्यूयॉर्कला परतला तेव्हा सोबत 'बडी' ही जर्मन शेफर्ड कुत्री होती. जमलेल्या बातमीदारांनी त्याला वाहनांनी गजबजलेला वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखवायला सांगितले. बडीने त्याला सुखरूप पलीकडे नेले. पुढच्याच वर्षी, २९ जानेवारी १९२९ रोजी, 'द सीइंग आय' ही अमेरिकेतील पहिली गाइड डॉग संस्था सुरू झाली. कल्पना मूळची जर्मनीची. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी तेथे १९१६ मध्येच अशी शाळा निघाली होती.

कुत्रा नेमके काय करतो?

तो सिग्नल वाचत नाही. लाल आणि हिरवा हा फरक कुत्र्याला नीट दिसतही नाही. कुठे जायचे, कुठे वळायचे हा नकाशा माणसाच्या डोक्यात असतो. वाहनांचा आवाज ऐकून 'चल' म्हणायचे तेही त्यानेच. कुत्रा अडथळे चुकवतो, फुटपाथच्या कडेशी थांबतो. आणि समोरून गाडी येत असेल तर 'चल' म्हटले तरी हलत नाही. योग्य वेळी आज्ञा मोडणे हा त्याच्या प्रशिक्षणातला सर्वांत अवघड धडा.

तो तयार कसा होतो?

आठेक आठवड्यांचे पिल्लू स्वयंसेवक कुटुंबाकडे जाते. हे कुटुंब वर्षभर किंवा थोडे अधिक काळ त्याला बस, बाजार, जिने, गर्दी यांची सवय लावते आणि मग परत देऊन टाकते. लळा लागलेले जनावर अनोळखी माणसासाठी सोडून देणे सोपे नाही, पण या घरांशिवाय ही व्यवस्था उभीच राहत नाही. त्यानंतर काही महिन्यांचे प्रशिक्षण, मग अंध व्यक्तीबरोबर जोडी. सगळीच पिल्ले उत्तीर्ण होत नाहीत.

मग अडते कुठे?

दारात. फ्रँकलाही रेल्वे आणि हॉटेलांनी अडवले होते. अमेरिकेतील सर्व राज्यांत प्रवेशाचे कायदे व्हायला १९५६ उजाडले. ब्रिटनमध्ये गाइड डॉग आहे म्हणून टॅक्सी नाकारणे आज गुन्हा आहे, तरी तक्रारी येतातच.

भारतात काय?

येथे भिस्त पांढऱ्या काठीवरच आहे. गाइड डॉग फारच विरळा. खर्च आणि प्रशिक्षणाची सोय हे एक कारण, पण रस्ता हे त्याहून मोठे. फुटपाथला कडच नसेल तर कुत्रा थांबणार कुठे? टोळीने फिरणारे भटके कुत्रे समोर आले तर तो काम करणार कसे? दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये झाला, सुगम रस्त्यांची हमीही त्यात आली. पिवळ्या उंचवट्यांच्या फरशा अनेक ठिकाणी बसल्या. त्यांतील कित्येक विजेच्या खांबाशी किंवा वडापावच्या गाडीपाशी संपतात. उरलेल्यांवर दुचाकी उभ्या असतात.

त्यामुळे तूर्त मदत माणसांचीच. तीही विचारून करावी. काठी किंवा दंड धरून ओढत नेल्यास चालणाऱ्याचा अंदाजच चुकतो. आपला कोपर पुढे करावा, तो त्यांना धरू द्यावा आणि अर्धे पाऊल पुढे चालावे. पायरी आली की 'जपून' एवढेच म्हणून भागत नाही. चढायची की उतरायची, ते सांगावे.