आतून धुणं आजच थांबवा

बायांनो, योनीच्या आत पाणी, तुरटी, लिंबू, साबण किंवा जंतुनाशक सोडत असाल, तर कळकळीची विनंती, आजच थांबवा. पाळी संपली म्हणून, संबंधानंतर, किंवा ‘अंगावरून पांढरं जातंय, वास येतोय’ म्हणून अनेकजणी हे करतात. हेतू स्वच्छतेचा असतो, पण त्यानेच आजार ओढवतो.

योनीत लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जीवाणू राहतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे पाळीच्या वयात तिथला सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) साधारण ३.८ ते ४.५ असतो आणि रोगजंतूंना थारा मिळत नाही. आतून धुतलं की हे राखणदारच वाहून जातात, दुसरे जंतू माजतात, मासळीसारखा वास सुटतो. तो घालवायला बाई पुन्हा धुते आणि दुखणं वाढत जातं. पिचकारीच्या जोराने जंतू गर्भाशयात, गर्भनलिकांत चढू शकतात. नळ्या सुजून चिकटल्या की मूल राहणं अवघड होतं, किंवा गर्भ नळीतच रुजतो. ती नळी फुटली तर जिवावर बेततं. आणि धुतल्याने ना गर्भ टळतो, ना गुप्तरोग.

बायका अशी दुखणी किती अंगावर काढतात, ते पाहा. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तरी आजही ‘बायकांना असायचंच’ म्हणून त्यांना गप्प बसवलं जातं, याचा मला संताप येतो.

बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवा, तेवढं पुरे. थोडा पांढरट, दुर्गंध नसलेला स्राव निरोगी बाईलाही असतो. पण रंग बदलला, घाण वास आला, खाज सुटली, ओटीपोट दुखलं, ताप आला, तर आशाताईंशी बोला, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात जा. पाळी चुकून एका बाजूला जोराची कळ आली, चक्कर आली, तर तासभरही थांबू नका. नवरेहो, तुम्हीही सोबत जा; काही संसर्गांत औषध दोघांनाही घ्यावं लागतं. आणि तपासणीच्या आदल्या दिवसापासून आत काहीही घालू नका, धुऊ नका. स्राव दिसला तर डॉक्टरांना आजार नीट ओळखता येतो.