घरी ठेवता येणारा चित्रपट

बाळपणाच्या आठवणींचा न्याय मोठा विलक्षण असतो. शाळेत घोकलेल्या सनावळ्या केव्हाच विसरल्या जातात. पण गोळ्यांच्या वेष्टनाचा रंग, एखाद्या जाहिरातीची चाल, चित्रकथेच्या मुखपृष्ठावरचे अवकाशयान ही मात्र पन्नाशी उलटली तरी मनातून हलत नाहीत. अमेरिकेत आणि इंग्लंडात आज पन्नाशी-साठीत असलेली एक पिढी अशीच एका गोष्टीपाशी येऊन हळवी होते. ती गोष्ट म्हणजे अवकाशपटांवरून काढलेल्या चित्रकथा आणि त्या काळच्या दूरचित्रवाणीवरील त्यांच्या जाहिराती. या हळवेपणाला हसणे सोपे आहे. आम्हांस मात्र त्यात थोडे थांबून पाहण्याजोगे काही दिसते.

'स्टार वॉर्स' हा चित्रपट अमेरिकेत 25 मे 1977 रोजी झळकला. त्याच्या काही आठवडे आधीच मार्व्हल या प्रकाशनसंस्थेने त्याच कथेच्या चित्रकथेचा पहिला अंक बाजारात आणला होता. लेखक रॉय थॉमस, चित्रकार हॉवर्ड चेकिन, किंमत 30 सेंट. सहा अंकांत चित्रपटाची कथा संपली. मालिका मात्र 1986 पर्यंत चालली आणि तिचे 107 अंक निघाले. पहिल्या अंकांना इतकी मागणी आली, की ते पुन्हा पुन्हा छापावे लागले. त्या दिवसांत आर्थिक ओढाताणीत सापडलेल्या मार्व्हलला या मालिकेने तारले, असे पुढे तिचे मुख्य संपादक झालेल्या जिम शूटर यांनी सांगून ठेवले आहे. इंग्लंडात 1978 च्या फेब्रुवारीत तिचे साप्ताहिकच सुरू झाले.

एवढी ओढ कशासाठी? उत्तर साधे आहे. त्या काळी चित्रपट घरी ठेवता येत नसे. तो गावात येई, काही आठवडे मुक्काम करी आणि पाहुण्यासारखा निघून जाई. 'स्टार वॉर्स'ची व्हिडिओफीत निघायला 1982 साल उजाडले आणि अमेरिकेच्या सार्वत्रिक दूरचित्रवाणीवर तो दिसला तो 1984 मध्ये. मधल्या वर्षांत ज्या मुलाला तो पुन्हा पाहावासा वाटे, त्याने करावे काय? त्याने उशाखालची चित्रकथा काढावी, पाने उलटावीत, आणि चित्रांच्या चौकटींमधील कोऱ्या जागेत यंत्रांचा घरघराट आपल्या मनाने भरावा. चित्रकथा हा त्याचा घरी ठेवता येणारा चित्रपट होता.

शिवाय ती चित्रपटाची नुसती नक्कल नव्हती. चित्रपट पुरा होण्याआधीच चित्रकथेचे काम हाती घ्यावे लागले होते. त्यामुळे पुढे संकलनात गळालेले प्रसंग तिच्यात तसेच राहिले. नायक ल्यूक आपला मित्र बिग्ज याला वाळवंटी ग्रहावर भेटतो, हा त्यांपैकी एक. जॅबा नावाचा सावकारी खलपुरुष तर चित्रकथेत दोन पायांवर चालतो. पडद्यावर तो 1983 साली आला, तो अजस्र गोगलगायीच्या रूपात. म्हणजे जे प्रसंग चित्रपटगृहात कुणीच पाहिले नव्हते, त्यांच्याही आठवणी या मुलांजवळ होत्या. वाचकाची दौलत प्रेक्षकाहून अधिक असू शकते, याचे इतके सुरेख उदाहरण आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

आता जाहिरातींविषयी. तिथे व्यापार होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. 1982 सालची 'जी. आय. जो' या चित्रकथेची जाहिरात पाहावी. ही मालिका चित्रपटावरून नव्हे, तर हॅस्ब्रो कंपनीच्या खेळण्यांवरून निघाली होती. खेळण्यांच्या जाहिरातीत हलती व्यंगचित्रे किती वेळ दाखवावीत, यावर त्या काळी अमेरिकेत बंधने होती. चित्रकथा हे पुस्तक. त्याला ती बंधने लागू नव्हती. तेव्हा खेळणीवाल्यांनी पैसा ओतून पुस्तकाची जाहिरात केली, आणि ती अथपासून इतिपर्यंत हलत्या चित्रांनी भरून टाकली. मुलांनी पुस्तक मागावे आणि पुस्तकापाठोपाठ खेळणे मागावे, असा हा बेत. बेत धूर्त खराच. पण त्याचा परिणाम पाहा. पुस्तक विकत घ्या, असे दूरचित्रवाणीने मुलांना सांगितले आणि मुलांनी ते ऐकले! लॅरी हामा यांनी बव्हंशी लिहिलेली ती मालिका 1994 पर्यंत चालली आणि तिचे 155 अंक निघाले.

आमच्याकडे हे ऐश्वर्य नव्हते. दूरदर्शनवर जाहिराती आल्या त्याच मुळी 1976 पासून, आणि आमच्यासारख्या गावांतून संच घरोघरी दिसू लागले ते ऐंशीच्या दशकात. परंतु आमच्याकडे 'इंद्रजाल कॉमिक्स' होते. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च 1964 मध्ये सुरू केलेली ही मालिका 1990 पर्यंत चालली. वेताळ, मॅन्ड्रेक आणि अवकाशवीर फ्लॅश गॉर्डन हे तिचे मानकरी. जाहिराती म्हणाल तर त्याही होत्या, पण अंकाच्या पानांवर. पॉपिन्सच्या गोळ्यांचे राम-श्याम आमच्या पिढीला अजून आठवत असतील.

आणि यात एक गंमत दडलेली आहे. फ्लॅश गॉर्डनची चित्रमालिका ॲलेक्स रेमंड यांनी 1934 साली अमेरिकेत सुरू केली; 1936 साली तिच्यावरून तेरा भागांचा चित्रपट निघाला. जॉर्ज ल्यूकस यांना पुढे तिच्यावरच चित्रपट काढायचा होता. हक्क मिळाले नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःची कथा रचली आणि ती 'स्टार वॉर्स' झाली. म्हणजे इंदूर-बडोद्याच्या रद्दीच्या दुकानात फ्लॅश गॉर्डनचा जुना अंक चाळणारा मुलगा त्याच नदीचे पाणी पीत होता. फक्त उगमाच्या जरा अधिक जवळ.

आमच्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्या घरांना या चित्रकथांनी आणखी एक देणगी दिली. इंद्रजालची मराठी आवृत्तीही निघत असे. आमची घरगुती मराठी ही पुष्कळदा जेवणापुरती, सणावारापुरती आणि रागावण्यापुरती उरते. शाळा हिंदीत, गुजरातीत, कन्नडात, तेलुगूत किंवा इंग्रजीत. अशा घरातल्या मुलाला ग्रह, अवकाशयान, शत्रू, कारस्थान हे शब्द मराठीत भेटले, तेही कुणी घोकायला न लावता. पुढे जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा विज्ञानकथासंग्रह 1979 साली आला, तेव्हा अशा वाचकाला त्यातले आकाश परके वाटण्याचे कारण नव्हते.

शाळेत आम्हांला अशी मुले नित्य भेटतात, जी आजीशी अस्खलित मराठी बोलतात. पण मराठीचे पान पुढे ठेवले की अडखळतात. त्यांच्या बुद्धीत उणे काही नसते. मराठीत घाईघाईने वाचून संपवावे असे काही त्यांच्या वाट्याला आलेले नसते, इतकेच. वाचनाला शिस्तीपेक्षा भूक अधिक लागते, आणि ती भूक त्या चित्रकथांनी लावली होती.

आजच्या मुलाला हवा तो चित्रपट हव्या त्या क्षणी दिसतो. ती जुनी दुर्मीळता परत आणता येणार नाही आणि आणूही नये. 'आमच्या वेळी' या शब्दांनी आरंभ होणारे प्रवचन तर मुळीच नको. पालकांनी एवढे मात्र जरूर करावे. मुलाने एखादा आवडता अवकाशपट पाहिला, की त्याच्यापुढे एक मोठा कागद ठेवावा. त्यावर सहा चौकटी आखून द्याव्यात आणि तीच गोष्ट सहा चित्रांत सांगायला लावावी. चित्रपटात नसलेला एखादा प्रसंग त्याने मनानेच घातला, तर त्याला अडवू नये. चित्रे वेडीवाकडी आली तरी बिघडत नाही. प्रत्येक चित्राखालची ओळ मात्र मराठीत असावी. तो कागद जपून ठेवावा. घरी ठेवण्याजोगा तो एक चित्रपट होईल.